रहोबोथला मास्तर मिळाला

बोवेनबाईंचा खुबा मोडला ईस्टरच्या सोमवारी, आणि त्याचा मार सर्वांत जास्त मला बसला. त्यांचं काय, त्यांना एक हाड सांधून मिळालं. माझं जे मोडलं ते सांधणारा डॉक्टर आमच्या भागात नाही.

आधी वर्गाविषयी सांगतो. वेल्सच्या आमच्या या डोंगराळ कोपऱ्यात मोठी माणसंही रविवारच्या शाळेत जातात. पेनगारो गावात आता लहान मुलं जवळजवळ उरलेलीच नाहीत, तेव्हा शाळा चालवायची तर ती म्हाताऱ्यांनीच शिकली पाहिजे. रहोबोथ चॅपलच्या मागच्या खोलीत रविवारी दुपारी आम्ही सहाजण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसतो, आणि समोर बोवेनबाई. वय ऐंशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, आणि माझ्यासारख्या अडुसष्ट वर्षांच्या माणसाला अजून 'बाळ' म्हणतात.

मी या वर्गात भक्तिभावाने आलो असं कोणी समजू नये. एका साप्ताहिकात मी उभी हयात विनोदी सदर लिहिलं. चॅपल, चॅपलचे कारभारी, कारभाऱ्यांच्या टोप्या आणि चॅपलच्या चहाबरोबर मिळणारा मनुकांचा केक यांच्यावर माझं घर चाललं. निवृत्त झालो तेव्हा बायको म्हणाली, "रविवारी दुपारी तुम्ही घरात नसलात तर मला जरा बरं वाटेल."

"कुठे जाऊ, मेन्ना?"

"ज्यांच्या जिवावर इतकी वर्षं खाल्लंत त्यांच्याकडे जा."

म्हणून गेलो.

बोवेनबाईंची शिकवण्याची पद्धत मला फार सोपी वाटायची. कोणालातरी एक वचन वाचायला लावायचं. मग विचारायचं, "इथं कोण कोणाशी बोलतंय?" आणि गप्प बसायचं. बस्स. ती शांतता मला सहन व्हायची नाही. मी काहीतरी विनोद करायचो. सगळे हसायचे, बाईही हसायच्या, आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारायच्या. माझा विनोद म्हणजे त्यांच्या लेखी खिडकीतून आत आलेली माशी. ती जाईपर्यंत थांबायचं, एवढंच. प्रश्न विचारून गप्प बसणं ही जर विद्वत्ता असेल, तर आमच्या घरी मेन्ना रोज प्राध्यापकी करते, असं मी तेव्हा म्हणत असे.

तर बाई पडल्या, आणि पुढच्याच रविवारी चॅपलचे सेक्रेटरी एल्वेद आमच्या खोलीत आले. हातात टोपी. एल्वेदच्या हातात टोपी आली की बातमी वाईट असते.

"बाई काही महिने तरी येत नाहीत," ते म्हणाले. "आणि पेंटेकॉस्टच्या सणाला, म्हणजे सहा आठवड्यांनी, पुंक आहे. यंदा आपल्याकडेच."

पुंक म्हणजे आमच्याकडची एक जुनी रीत. आसपासच्या चॅपलांच्या शाळा एकत्र जमतात. प्रत्येक शाळेने अभ्यासलेला अध्याय तिने उभं राहून, एका सुरात, अर्धं गात अर्धं म्हणत सादर करायचा. मग बाहेरगावचा पाळक व्यासपीठावरून त्यावर प्रश्न विचारतो आणि बाकांवरून उत्तरं द्यायची. बक्षीस नाही, नंबर नाही. फक्त अब्रू.

"कारभाऱ्यांचं असं ठरलंय," एल्वेद टोपी फिरवत म्हणाले, "यंदा रहोबोथची शाळा पुंकला उभी राहिली तर राहिली. नाहीतर शाळा बंद करायची आणि सगळ्यांनी वरच्या हर्मोन चॅपलला जायचं. तिथं खोली गरम असते. बाकांवर गाद्या आहेत."

गाद्या हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरतात.

"आणि बाई?" दिल्वेन म्हणाली. दिल्वेनचं गावात औषधाचं दुकान होतं. अजूनही ती माणसाकडे बाटलीवरची चिठ्ठी वाचावी तशी बघते. "बाईंचं घर इथं फाटकाला लागून आहे म्हणून त्या येतात. हर्मोनचा तो चढ आणि त्या पायऱ्या, त्यांना कोण उचलून नेणार? शाळा तिकडे गेली की बाईंची शाळा संपली."

एल्वेदने टोपीच्या आत बघितलं. तिथं उत्तर नव्हतं.

"मग तोवर शिकवणार कोण?" त्यांनी विचारलं.

पॅरी भगिनी खिडकीबाहेर बघू लागल्या. बेन्नी, माझा शाळासोबती, मेंढ्या पाळतो, तो स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. हेलेद, आमच्यातली एकटी तरुण, म्हणजे चाळिशीची, शास्त्राचं पान उलटत राहिली. शांतता पसरली. आणि शांततेचं आणि माझं काय नातं आहे ते मी सांगितलंच.

"माझा खुबा शाबूत आहे," मी म्हणालो. "एवढीच माझी पात्रता."

सगळे हसले. हसून झाल्यावर एल्वेदने टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "ठरलं तर."

"बरं झालं," बेन्नी बाहेर पडताना म्हणाला. "लेका, तुला बोलायला येतंच. शिकवणं म्हणजे आणखी काय असतं?"

मलाही नेमकं हेच वाटत होतं, हे इथे नमूद करतो.

यंदाचा भाग होता 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला आठवा अध्याय. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमहून परत निघालेला असतो. रथात बसून तो यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतो आहे, पण त्याला ते काही उमगत नाही. येशूचा प्रचारक फिलिप्प रथाजवळ धावत जातो आणि विचारतो, वाचताय ते समजतंय का? तो म्हणतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार? एवढी साधी गोष्ट. मी ठरवलं की ती साधी राहू द्यायची नाही.

पहिला रविवार मी रथावर बोललो. दुसरा रविवारही रथावरच. रथांचे प्रकार, आस, वंगण, त्या काळचे रस्ते, राणीचा खजिना, आणि खजिन्यावरून ओघानेच आमच्या एल्वेदचा हिशोब. फिलिप्प धावत जाऊन रथावर कशी झेप घेतो हे मी खुर्ची घेऊन करून दाखवलं. पॅरी भगिनींनी डोळे पुसले. बेन्नीने मांडीवर थाप मारली. मी घरी आलो तो तरंगतच.

"काय शिकवलंत?" मेन्नाने विचारलं.

"रथ."

"आणि?"

"अजून चाकापर्यंत आलोय."

तिसऱ्या रविवारी पॅरी भगिनी आल्या नाहीत. दुकानात भेटल्या तेव्हा थोरली म्हणाली, "फार हसवता हो तुम्ही. घरी गेल्यावर आम्ही एकमेकींना सांगायला बसतो, आणि काय सांगायचं होतं तेच आठवत नाही." धाकटीने मान हलवली. या दोघींचं एकमत होतं म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

मग दिल्वेन. तिने तोंडावरच सांगितलं. "इद्वाल, तुमचं औषध गोड आहे. पण मी जन्मभर औषधं विकली. कोणत्या बाटलीत नुसता साखरेचा पाक आहे ते मला बूच न काढता कळतं."

उरलो बेन्नी, हेलेद आणि मी. एल्वेदने दारातून डोकावून मोजलं आणि विचारलं, "हर्मोनला सांगून ठेवू का? थोड्या गाद्या जास्तीच्या लागतील म्हणून?"

 घाबरलेला हुशार माणूस जे करतो तेच मी केलं, आणखी हुशारी केली. पाळक काय विचारतील ते प्रश्न मीच काढले, त्यांची उत्तरं मीच तयार केली, आणि बेन्नीकडून ती घोकून घेतली. उत्तरं चटकदार होती. सदर लिहिण्याची सवय हाताला असते. बेन्नीने इमानेइतबारे पाठ केलं. "मेंढ्यांनाही येतंय आता," तो म्हणाला. गैरहजर मंडळी पुंकच्या दिवशी उभी राहतीलच, त्यांना ऐनवेळी उत्तरं वाटून देऊ, असा माझा बेत होता.

या बेतावर कोणीतरी शाबासकी द्यावी म्हणून मी बोवेनबाईंना भेटायला गेलो. त्या भाचीकडे कार्डिगन गावी होत्या. खिडकीशी खुर्ची, पायावर शाल, मांडीवर शास्त्र.

"ये रे इद्वाल. बस. वर्ग कसा आहे?"

"उत्तम. तयारी जोरात आहे, बाई."

"हेलेद काय म्हणते?"

"हेलेद?" मी आठवून बघितलं. "ऐकते."

"ती शाळेत असल्यापासून बघतेय मी तिला. काहीतरी मनात असलं की पानं उलटत बसते. काय विचारायचंय तिला?"

"विचारायला वेळ कुठं मिळतो, बाई? माझंच संपत नाही."

बाईंनी मांडीवरचं शास्त्र उघडलं. मग म्हणाल्या, "बरं, मला सांग, फिलिप्प रथात कसा चढला?"

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. खुर्ची हाताशी नव्हती, पण मी हातवारे करून सगळी झेप रंगवली. बाईंनी शांतपणे पाहिलं.

"वाच, बाळ."

मी वाचलं. तिथं झेप नव्हती. खजिनदारानेच त्याला विनंती केली होती, की वर या, माझ्याजवळ बसा.

"त्याच्या आधी काय झालं?"

"फिलिप्पाने विचारलं, समजतंय का."

"त्याच्या आधी?"

"त्याने... ऐकलं. तो काय वाचतोय ते ऐकलं."

"आणि जवळ बसल्यावर सुरुवात कुठून केली?"

मी बोट ठेवून वाचलं. जो भाग खजिनदार वाचत होता तिथूनच.

"रथापासून नाही?" बाईंनी विचारलं.

स्वयंपाकघरात भाचीच्या हातून चमचा पडला. रथाची गोष्ट बाईंपर्यंत पोचली कशी? दिल्वेन रोज संध्याकाळी त्यांना फोन करते हे मला तेव्हा कळलं.

निघताना बाई म्हणाल्या, "हर्मोनचा मास्तर चांगला आहे हो. शाळा तिकडे गेली म्हणून शास्त्र काही बुडत नाही." आणि मांडीवरच्या पुस्तकाची कडा सारखी करत राहिल्या. मी उगीचच त्यांची शाल नीट केली आणि बाहेर पडलो. बसमध्ये एकही विनोद सुचला नाही. शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का?

त्या आठवड्यात मी सगळ्यांना फोन केले. "रविवारी या. मी बोलणार नाही."

"नक्की?" थोरल्या पॅरीने विचारलं.

"नक्की."

"मग आम्ही दिल्वेनलाही घेऊन येतो. साक्षीला कोणीतरी असावं."

आमच्याकडे प्रवचन लांबलं की सगळे पुदिन्याच्या गोळ्या चघळतात. तोंडात गोळी असताना बोलायचं नाही, हा चॅपलचा एकच नियम जो झाडून सगळे पाळतात. मी त्या दिवशी दोन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या, कडकवाल्या. त्याआधी बेन्नीला वचन वाचायला लावलं आणि विचारलं, "इथं कोण कोणाशी बोलतंय?"

कोणी बोललं नाही. घड्याळ चाललं होतं. बेन्नीच्या पोटात गुरगुरलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुदिन्याचं होतं, तरी दिल्वेन जरा विरघळल्यासारखी दिसली. मला त्या क्षणी तीन उत्कृष्ट विनोद सुचले होते. ते मी गिळले. गोळ्यांसकट.

"इद्वालकाका, मला एक विचारायचंय," हेलेद म्हणाली. "केव्हापासून. बाप्तिस्मा दिल्याबरोबर आत्म्याने फिलिप्पाला उचलून नेलं, तो दिसेनासा झाला. हा खजिनदार रस्त्यातच. धडा एकच झालेला. पुढं घरी गेल्यावर त्याला शिकवलं कोणी?"

मी तोंड उघडलं. आत गोळी नव्हती आणि उत्तरही नव्हतं. "मला माहीत नाही," मी म्हणालो.

"परत म्हणा," दिल्वेन म्हणाली.

"मला माहीत नाही, दिल्वेन!"

"तो आनंदानं पुढं गेला असं लिहिलंय की," बेन्नी म्हणाला.

"आनंद किती दिवस पुरतो?" दिल्वेन म्हणाली. "माझं लग्न झालं तेव्हा मीही चॅपलमधून आनंदानंच निघाले होते."

"त्याच्याजवळ पुस्तक होतं ना," थोरली पॅरी म्हणाली.

"पुस्तक आधीही होतं, ताई," धाकटी म्हणाली. "तेव्हा कुठं कळत होतं?"

थोरलीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू कित्येक वर्षांत पहिल्यांदाच ती बहिणीला बघते आहे. त्या दिवशी वर्ग सुटला तेव्हा चॅपल बंद करायला आलेले एल्वेद किल्ल्या वाजवत दारात उभे होते. मी वर्गात एकूण पाच-सहा वाक्यं बोललो असेन. घरी जाऊन झोपलो. इतका मी कधी दमलो नव्हतो.

पुंकच्या दिवशी रहोबोथ भरलं. हर्मोनवाले आले, आणि बसताना बाक हाताने चाचपून बघत होते. बाईंना भाचीने चाकांच्या खुर्चीतून आणलं आणि पहिल्या रांगेच्या कडेला ठेवलं. आमची शाळा उभी राहिली, सहाच्या सहा. आठवा अध्याय आम्ही एका सुरात म्हटला. बेन्नीचा आवाज जमिनीतून येतो. बाकीच्यांनी त्यावर उभं राहायचं.

मग पाळक आर्थन प्रिदर्च व्यासपीठावर चढले. उंच, बारीक, आवाज हळू. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "फिलिप्प धावत का गेला?"

"कारण त्या रथाला थांबे नव्हते!" बेन्नी उभा राहून गरजला.

 बेन्नीला पढवलं होतं ते मी परत पुसलंच नव्हतं.

पाळकांनी चष्मा काढला. "हे कोणी शिकवलं?"

बेन्नीने अभिमानाने माझ्याकडे बोट केलं. हर्मोनचे बाक हलू लागले. एल्वेदने टोपी काढली.

"बरं," पाळक म्हणाले. "मग रथ थांबला कसा?"

याचं उत्तर बेन्नीकडे तयार नव्हतं, कारण मी ते तयार केलं नव्हतं. माझ्याकडे मात्र आत्ता तयार होतं, आणि ते इतकं सुंदर होतं की मी अर्धा उठलो. हेलेदने माझा कोट खाली ओढला. तिचा हात चांगलाच जड आहे. दातांची डॉक्टर आहे ती.

"थांबा हं," बेन्नी म्हणाला. त्याने चष्मा लावला, पान शोधलं, ओठ हलवत वाचलं. "त्यानं वर बोलावून जवळ बसवलं असं आहे. बसवलं म्हणजे थांबवला असणार. एवढंच आहे इथं." मग सगळ्या चॅपलला समजावं म्हणून पुढे म्हणाला, "बाकीचं इद्वालनं घातलंय."

हशा ओसरायला वेळ लागला. मी हसत होतो की काय ते मला ठाऊक नाही. मेन्ना म्हणते माझे कान लाल झाले होते.

पण तेवढ्यात हेलेद उभी राहिली होती. पुंकला बाकावरून उलटा प्रश्न विचारायला बंदी नाही. कोणी विचारत नाही, एवढंच. तिने विचारला. पुढं त्याला कोणी शिकवलं?

पाळकांनी काढलेला चष्मा परत लावला. मग म्हणाले, "हर्मोन, तुमचं काय म्हणणं?" हर्मोनचा मास्तर उठला आणि म्हणाला, त्याला आत्म्याने शिकवलं. धाकटी पॅरी म्हणाली, मग फिलिप्पाला एवढं धावायला लावलं कशाला? मागून कोणीतरी म्हणालं, घरी जाऊन त्याने दुसऱ्यांना शिकवलं असेल, शिकवलं की कळतं. "तसं काही नसतं," मी म्हणालो, पण ते कोणी ऐकलं नाही. थोरली पॅरी बहिणीवर उलटली, हर्मोनमधले दोघे एकमेकांत जुंपले, आणि पाळक खाली येऊन चक्क पहिल्या बाकावर बोवेनबाईंशेजारी बसून ऐकू लागले. चहा निवला. स्वयंपाकघरातल्या बायका हाताची घडी घालून दारात येऊन उभ्या राहिल्या.

मला कोणी काही विचारलं नाही. माझं ते सुंदर उत्तर अजून माझ्याकडेच आहे. कोणाला हवं असल्यास कळवावं.

निवलेल्या चहाच्या वेळी एल्वेद कप वाजवून म्हणाले, "कारभाऱ्यांशी बोललो. शाळा इथंच राहील. पण पुढच्या वर्षी चहा वेळेवर झाला पाहिजे."

बोवेनबाईंनी केकचा तुकडा खाली ठेवला. "मी आता शिकवणार नाही बरं का, एल्वेद. मी बाकावर बसणार. इतकी वर्षं उभी आहे."

"मग शिकवणार कोण?"

मी टाय सारखा केला. मला आग्रह झाला तर थोडे आढेवेढे घेऊन हो म्हणायचं, असं मी ठरवलं होतं. वर बघितलं तर सगळे हेलेदकडे बघत होते. मेन्नासुद्धा, जी वर्गात येतही नाही.

"मी?" हेलेद म्हणाली. "मला उत्तरं नाही येत."

"मग झालंच तर," बेन्नी केक चावत म्हणाला. "ह्याला सगळी येत होती. काय झालं बघितलंस ना?"

पुढच्या महिन्यात बाई काठी टेकत फाटकापासून खोलीपर्यंत आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. हेलेदने कोणालातरी वचन वाचायला लावलं, प्रश्न विचारला आणि गप्प बसली. उघड्या तोंडासमोर शांत बसून राहण्याचा तिला रोजचा सराव आहे. या वेळी उघडं तोंड अर्थात माझं होतं.

"इद्वाल," बाई हळूच म्हणाल्या, "वचन वाचलंस का?"

"वाचलं, बाई."

"कुठलं?"

मी खाली बघितलं. मी भलत्याच अध्यायात होतो. बाईंनी माझं पुस्तक स्वतःकडे ओढलं, पानं उलटली आणि ओळीवर बोट ठेवून परत माझ्यापुढे सरकवलं. मी वाचायला लागलो.